स्वयंपाकघराचं नूतनीकरण आणि त्याचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकघरांची मापं घेणं आणि अंदाजपत्रकं काढणं हे माझं रोजचं काम. पहिल्या भेटीत बहुतेक जण शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दारांच्या, रंगाबद्दल आणि ओट्याच्या दगडाबद्दल विचारतात. खर्चाचा मोठा भाग मात्र भिंतीच्या आत आणि लादीखाली ठरतो, आणि तो हातोडा पडायच्या आधीच ठरवता येतो. पुढची उत्तरं वाचताना जवळ कागद आणि टेप असू द्या, काही ठिकाणी लागतील.

एकूण खर्च किती येईल? अंदाजे आकडा तरी सांगा.

तीन गोष्टी कळल्याशिवाय कुणी आकडा सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका. पहिली गोष्ट, सिंक, शेगडी आणि विजेचे पॉइंट आहेत तिथेच राहणार की हलणार. दुसरी, खोके, म्हणजे कपाटांचे सांगाडे, किती आणि त्यांत ड्रॉवर किती. तिसरी, ओटा आणि शटर कशाचे. एकाच मापाच्या दोन स्वयंपाकघरांच्या खर्चात दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो, आणि तो या तिन्हींमुळेच पडतो.

कामाच्या ढोबळ तीन पायऱ्या धरा. जुने खोके ठेवून शटर, हँडल, नळ आणि रंग बदलणं ही पहिली. सगळं काढून त्याच जागी नवं बसवणं ही दुसरी. मांडणीच बदलणं, भिंत पाडणं, सिंक दुसऱ्या भिंतीला नेणं ही तिसरी. दुसरीवरून तिसरीवर जाताना खर्चाची उडी सर्वांत मोठी असते, आणि तिथे गेलेले पैसे काम झाल्यावर डोळ्यांना दिसतही नाहीत.

सिंक फक्त समोरच्या भिंतीला न्यायचंय. त्याला इतका खर्च का?

नळाचं पाणी दाबाने येतं, म्हणून त्याची पाइप वर, खाली, वळणं घेत कुठूनही नेता येते. सांडपाण्याचं तसं नाही, ते उतारानेच जातं. सिंकच्या पाइपला साधारण ४० ला १ असा उतार लागतो. म्हणजे ३ मीटर लांब पाइप न्यायची तर तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ७५ मिलिमीटर खाली हवं. वर पाइपची स्वतःची जाडी. एवढी जागा लादीखाली आहे का? नसेल तर जमिनीची पातळी वाढवावी लागते, नाहीतर पाइप भिंतीच्या कडेने खोक्यांच्या मागून न्यावी लागते आणि त्या खोक्यांची खोली कमी होते. लादी फोडणं, भराव, वॉटरप्रूफिंग, नवी लादी आणि डबर उचलणं हे सगळं त्या एका हौसेमागे येतं.

मी हे स्वतःच्या घरी भोगलंय. सिंक खिडकीखाली हवं होतं. काम करणाऱ्याने पाइप जवळजवळ सपाट टाकली आणि ‘चालून जाईल’ म्हणाला. मी लेव्हल लावून पाहिली नाही. काही महिन्यांत सिंक तुंबायला लागलं, पाइपमध्ये चिकट थर साठला होता. नवी लादी फोडून पाइप पुन्हा टाकली, आणि तोवर त्या लादीचा तोच रंग मिळेना. तेव्हापासून पाइप झाकण्याआधी मी दर वेळी लेव्हल लावतो आणि पट्टी ठेवून फोटो काढून ठेवतो. तुम्हीही काढा. पुढे भिंतीत ड्रिल मारताना तेच फोटो उपयोगी पडतील.

खिडकीखालीच सिंक हवं असेल तर जरूर घ्या, ते सुख खरं आहे. फक्त आधी प्लंबरला बोलावून उतार मोजून घ्या आणि मगच आराखड्यावर सही करा.

दोन कोटेशनमध्ये इतका फरक कसा? माप तर एकच आहे.

इथेच घोडं पेंड खातं. कपाटांचा हिशेब तीन प्रकारे होतो: ओट्याच्या लांबीवर, शटरच्या क्षेत्रफळावर, किंवा खोक्यागणिक. पहिल्या दोन पद्धतींत आत काय आहे ते झाकलं जातं.

एक खोका घेऊन पाहू. रुंदी ९०० मिलिमीटर. त्यात एक फळी आणि दोन शटर असतील तर लोखंडी सामान म्हणजे चार बिजागऱ्या. त्याच खोक्यात तीन ड्रॉवर केले तर तीन दर्शनी फळ्या, तीन तळ, तीन पाठी, त्यांच्या बाजू आणि चॅनेलच्या, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांच्या, तीन जोड्या. बाहेरून क्षेत्रफळ तेच, किंमत मात्र कितीतरी वर. एका कोटेशनमध्ये चार ड्रॉवर आणि दुसऱ्यात अकरा असतील तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

म्हणून प्रत्येकाकडून खोक्यागणिक यादी मागा. तिच्यात हे लिहिलेलं हवं: खोक्याचं साहित्य आणि जाडी (१६ की १८ मिलिमीटर), पाठीच्या फळीची जाडी, कडांना लावलेल्या पट्टीची जाडी, बिजागरी आणि चॅनेल कुठल्या कंपनीचे आणि किती वजन पेलणारे, ड्रॉवर पूर्ण बाहेर येतात की तीन चतुर्थांश. मग न धरलेल्या गोष्टी विचारा. जुनं तोडणं, डबर वाहून नेणं, वाहतूक, ओट्यातले कटआउट (सिंक आणि शेगडीसाठी कापलेली भोकं), सिंक बसवणं, कर. ‘ते वेगळं’ हे वाक्य काम सुरू झाल्यावर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं. यादी द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजा.

प्लायवूड, एमडीएफ की पार्टिकल बोर्ड?

सगळीकडे एकच साहित्य वापरायचा आग्रह सोडा. सिंकखालचा खोका आणि त्याच्या शेजारचा, ही ओली जागा. तिथे पाण्याला टिकणारं चांगलं प्लायवूड घ्या, त्यात हात आखडता घेऊ नका. वरची कपाटं कोरडी राहतात, तिथे दमटपणाला टिकणाऱ्या दर्जाचं हलकं साहित्य चालतं. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, स्वस्त असतो, पण कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यात स्क्रू काढून परत बसवला की पकडही सैल होते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, गुळगुळीत असतो, त्यावर रंग सुरेख बसतो, म्हणून रंगवलेल्या शटरसाठी तो उत्तम.

खरी लढाई कडांवर होते. फळीच्या चारही कडा बंद हव्यात, खालची आणि मागची न दिसणारीसुद्धा. नमुन्याचा खोका उलटा करून बघा. फळ्यांमधल्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू बाहेर पडतो, म्हणून कमी उत्सर्जनाचा ई-१ किंवा त्याहून कडक दर्जा मागा. स्वयंपाकघरात आपण रोज काही तास श्वास घेतो.

शटरच्या फिनिशने किती फरक पडतो?

बराच. लॅमिनेट सहसा सर्वांत स्वस्त आणि वापरायला सर्वांत दणकट. मेंब्रेनचं, म्हणजे वरून प्लॅस्टिकची पन्नी चिकटवलेलं, शटर दिसायला एकसंध असतं, पण शेगडी आणि ओव्हनच्या बाजूला उष्णतेने त्याची पन्नी सुटू शकते. ॲक्रिलिक चकचकीत, त्यावर बारीक ओरखडे दिसतात. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची शटर महाग, कारण त्यांत थरावर थर, घासकाम आणि सुकण्याचा वेळ असतो, म्हणजे पैसे मजुरीचे असतात. हँडल नसलेली शटर हवी असतील तर ॲल्युमिनियमची खाच किंवा ढकलून उघडणारी यंत्रणा लागते, तीही हिशेबात धरा.

ओट्यासाठी दगड निवडताना खर्च कसा वाढतो?

दर चौरस फुटावर सांगतात, पण दगड अख्ख्या स्लॅबमध्ये येतो. समजा स्लॅब ३ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद आहे. ओट्याची रुंदी ६०० मिलिमीटर. स्लॅबमधून ३ मीटरचे दोन पट्टे निघतात, म्हणजे ६ मीटर ओटा, आणि २०० मिलिमीटरची एक पट्टी उरते. ती भिंतीलगतच्या उभ्या कडेला किंवा खिडकीच्या खालच्या पट्टीला वापरता येते. आता तुमचा ओटा ६.४ मीटरचा असेल तर उरलेल्या ४० सेंटिमीटरसाठी दुसरा स्लॅब घ्यावा लागेल. अशा वेळी मी ओट्याच्या एका टोकाला ६०० मिलिमीटरचं उभं कपाट सुचवतो. ओटा ५.८ मीटरवर येतो आणि काम एका स्लॅबमध्ये बसतं. कपाटाला पैसे लागतात, पण त्यातून साठवणीची जागा मिळते; दुसऱ्या स्लॅबमधून मिळाले असते ते तुकडे.

दगडाच्या दरावर कडेची घडण, पॉलिश, सिंक आणि शेगडीचे कटआउट, नळाचं भोक, सांधे हे सगळं चढतं. सिंक ओट्याखालून बसवायचं असेल तर कटआउटची आतली कडही पॉलिश करावी लागते.

ग्रॅनाइट उष्णता सोसतो, पण बऱ्याच ग्रॅनाइटना अधूनमधून सीलर (दगडाची बारीक छिद्रं बंद करणारं द्रव्य) लावावा लागतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट काही सांडलं की त्यावर फिके डाग कोरले जातात. क्वार्ट्झचा ओटा हा दगडाचा चुरा आणि रेझिन यांचा कारखान्यात बनवलेला स्लॅब. तो डाग धरत नाही, मात्र रेझिनमुळे तापलेलं भांडं थेट ठेवलेलं त्याला सोसत नाही.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. त्यात सिलिकाचं प्रमाण खूप असतं आणि तो कोरडा कापला की उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून अशा स्लॅबवर बंदी घातली. तुम्ही क्वार्ट्झ घेणार असाल तर कापकाम पाणी सोडून आणि धूळ ओढणाऱ्या यंत्रासह करतात का, हे विचारा. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतो, त्यामुळे तिथेही हीच काळजी हवी. थोडा जास्त दर पडला तरी तो द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाइल्स किती मागवाव्यात?

मोजलेल्या क्षेत्रफळावर १० टक्के जास्त, तिरक्या मांडणीला १५ टक्के. टाइल्सच्या सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेडचा क्रमांक एकच असल्याची खात्री करा. पाच-सहा टाइल्स जपून ठेवा.

विजेच्या कामाला लोक कमी पैसे धरतात का?

नेहमीच. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १६ अँपिअरचा एक पॉइंट जास्तीत जास्त ३.७ किलोवॉट देतो. चार चुलींची इंडक्शन शेगडी ७ किलोवॉटच्या आसपास मागते, म्हणजे तिला मुख्य फलकापासून स्वतंत्र, जाड वायर हवी. ओव्हन आणि भांडी धुण्याचं मशीन यांनाही आपापली लाइन हवी. पूर्ण घराला वीज कंपनीकडून मंजूर असलेला भार कमी पडत असेल तर तो वाढवून घेण्याचा खर्च वेगळा, आणि त्याला वेळ लागतो.

भिंतीवर खडूने प्रत्येक पॉइंट खरोखर काढा, जमिनीपासूनच्या उंचीसह. मिक्सर कुठे उभा राहणार, फ्रिजचा प्लग फ्रिजच्या मागे अडकणार की शेजारी मोकळा राहणार, हे त्या खडूच्या खुणांसमोर उभं राहिलं की कळतं. टाइल लागल्यावर एक पॉइंट वाढवायचा तर टाइलही फुटते.

चिमणीचं काय?

चिमणीची ताकद बघण्याआधी नळीचा मार्ग बघा. साधारण १५० मिलिमीटर व्यासाची, आखूड आणि कमीत कमी वळणांची नळी हवी. प्रत्येक वळण हवेचा ओढा कमी करतं. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला परवानगी लागते का, तेही विचारून ठेवा.

मांडणी अशी करता येईल का, की खर्चही कमी आणि कामही सोपं?

हो, आणि छोट्या जागेत तर जास्तच. वास्तुविशारद मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. काम करणाऱ्या बाईची पावलं आणि हालचाली मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. आजच्या बंदिस्त खोक्यांच्या स्वयंपाकघराची ती आजी म्हणता येईल.

पुढे सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाचा नियम रूढ झाला: प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर, आणि तिन्ही मिळून ८ मीटरपेक्षा कमी. दोघं-तिघं एकत्र वावरत असतील तर हा नियम सैल धरा, पण पाण्याची आणि शेगडीची जागा मध्ये ये-जा होणार नाही अशी ठेवा.

खर्चाच्या दृष्टीने कोपरा हा सर्वांत महागडा. फिरणाऱ्या किंवा बाहेर झुलणाऱ्या ट्रॉलीची यंत्रणा एका साध्या खोक्यापेक्षा महाग पडते आणि जागा मात्र बेताचीच मिळते. मी अनेकदा कोपरा बंद करून टाकायला सांगतो आणि त्या पैशांत शेजारी रुंद ड्रॉवर करायला लावतो. ऐकणाऱ्याला आधी जागा वाया जातेय असं वाटतं. ड्रॉवर वापरायला लागल्यावर तसं वाटत नाही.

मग बजेट बांधायचं कसं?

उलट्या बाजूने. आधी एकूण किती खर्च करू शकता तो आकडा लिहा आणि त्यातला राखीव भाग बाजूला काढा. घर नवं असेल तर १० ते १५ टक्के, जुनं असेल तर २० टक्के. हा राखीव पैसा ठेकेदाराला सांगू नका आणि चांगल्या नळासाठी वापरूही नका. तो भिंत उघडल्यावर लागतो.

समजा तुमच्याकडे १०० आहेत. मी १५ राखीव धरतो. २० न दिसणाऱ्या कामांना, म्हणजे तोडफोड, पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, गिलावा. ३० खोके, शटर आणि त्यांच्या लोखंडी सामानाला. १३ ओटा, सिंक, नळ. १० उपकरणं आणि दिवे. ७ टाइल्स आणि रंग. उरलेले ५ सगळे विसरतात त्या गोष्टींना: तात्पुरती चूल मांडायची सोय, बाहेरचं जेवण, सामान झाकायचं प्लॅस्टिक, शेजारच्या खोलीची खराब झालेली भिंत, डबर. ही वाटणी म्हणजे सुरुवातीचा खडू आहे, तुमच्या घराप्रमाणे पुसून पुन्हा आखा. उपकरणं जुनीच ठेवणार असाल तर ते १० खोक्यांकडे वळवा.

पैसे कमी पडले तर आधी पुढे ढकलता येणाऱ्या गोष्टी ढकला. वरची कपाटं, ओव्हन, सजावटीचे दिवे वर्षभराने येऊ शकतात, फक्त त्यांची वायर आजच टाकून ठेवा.

कुठे वाचवावं आणि कुठे अजिबात नाही?

जुने खोके सुके आणि सरळ असतील तर फक्त शटर बदला. खोके ठरावीक कारखानी मापांचे घ्या. छतापर्यंत टाइल लावण्याऐवजी ओटा आणि वरच्या कपाटांमधल्या पट्ट्यालाच लावा. पाइप आणि भिंती जागच्या जागी ठेवा.

बिजागऱ्या, चॅनेल, नळ, पाइप, वायर आणि वॉटरप्रूफिंग यांत काटकसर नको. ड्रॉवर दिवसातून पन्नास वेळा उघडतो. चॅनेल गेलं की सुंदर शटरही लटकतं.

घर जुनं आहे. आणखी काय धरावं?

भिंती काटकोनात नसतात, हे पहिलं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंटिमीटर आणि दुसरीवर १२० सेंटिमीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १५० भरलं तर कोपरा काटकोनात आहे. १५३ भरलं तर ओट्याच्या मागे फट पडणार, आणि ती गिलाव्याने भरायची की दगड तिरका कापायचा हे आधीच ठरवायला हवं. मापं खाली, मध्ये आणि वर अशा तीन उंचींवर घ्या.

जुन्या पत्र्यांत, लाद्यांत किंवा पाइपच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं. शंका असेल तर फोडण्याआधी तपासणी करून घ्या.

काम चालू असताना बदल केला तर?

कागदावर रेघ पुसायला काही लागत नाही. खोके कापून झाल्यावर तोच बदल दुप्पट पडतो, दगड कापल्यावर कधीकधी होतच नाही. एकदा कटआउट झाल्यानंतर घरच्यांनी मोठी शेगडी पसंत केली. भोक वाढवायला गेलो तर पुढच्या कडेला ४ सेंटिमीटर दगड उरत होता, तो तडकला असता. शेगडी परत करावी लागली. म्हणून सिंक, शेगडी आणि ओव्हन आराखड्याआधी विकत घ्या, निदान मॉडेल पक्कं करून मापांचा कागद हातात ठेवा. तरीही बदल करायचाच असेल तर किंमत आणि वाढणारे दिवस लिहून, दोघांच्या सह्या झाल्यावरच पुढे जा.

पैसे कसे द्यावेत?

टप्प्यांनी, आणि तारखेवर नाही तर झालेल्या कामावर. पाइप आणि वायरिंग तपासून झाकण्याआधी एक, खोके घरी आल्यावर एक, ओटा बसल्यावर एक. शेवटचे ५ ते १० टक्के सगळी दुरुस्ती संपेपर्यंत हातात ठेवा.

किती दिवस लागतील?

मोडतोड दोन-तीन दिवसांत होते. वेळ जातो तो सुकण्यात आणि वाट पाहण्यात. ओट्याचं अचूक माप खोके बसल्यावरच घेता येतं आणि दगड कापून येईपर्यंत सिंकही बसत नाही. या मधल्या दिवसांत घरात पाण्याची दुसरी सोय हवी. खोके तयार असल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुनं स्वयंपाकघर तोडू नका. हा एक नियम पाळला तरी कित्येक आठवड्यांचं बाहेरचं जेवण वाचतं.

शेवटचा हप्ता देण्याआधी काय तपासावं?

प्रत्येक ड्रॉवर भरून उघडा-मिटा. सगळ्या शटरच्या फटी समान आहेत का पाहा. सगळी उपकरणं एकाच वेळी लावून अर्धा तास चालू ठेवा. मग सिंक काठोकाठ भरा, खालच्या खोक्यात पाइपच्या प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद पसरा आणि बूच एकदम काढा. सगळं पाणी गेलं की बॅटरी घेऊन खाली वाका आणि कागद बोटाने चाचपून पाहा. कुठे ओला लागला तर प्लंबर घरात असतानाच दाखवा.